साठ तुकड्यांचा केक

हल्ली वाढदिवस म्हटला की केक आलाच. बाळाचा पहिला वाढदिवस असो नाहीतर आजोबांची साठी, औक्षणाचं तबक आणि केकचं खोकं टेबलावर शेजारी शेजारी मांडलेलं असतं. खोक्यातून निघतो तो बहुतेक वेळा गोल केक. घरात चार-पाच माणसं असली तर अर्ध्या किलोचा गोल केक पुरतोही आणि शोभतोही. पण पन्नास माणसं जमली की त्या गोलाची पंचाईत होते. कापणारा मधोमध सुरी घालतो, त्रिकोण काढायला लागतो. पहिले दहा त्रिकोण भलेमोठे, पुढचे बारीक, आणि मागच्या रांगेतल्या पोरांच्या बशीत नुसतं क्रीमचं बोट!

खरं तर मैत्रिणींनो, पन्नास जणांना मोजून गोड वाटणं आपल्याला काही नवीन नाही. खोबऱ्याच्या वड्या करताना आपण काय करतो? परातीला तूप लावतो, मिश्रण ओततो, थापतो आणि उभ्या-आडव्या रेघा मारतो. किती वड्या पडणार ते सुरी लावायच्या आधीच ठाऊक असतं. केकचंही तसंच करता येतं. मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये भाजलेला, वरून सपाट क्रीम लावलेला आणि वड्यांसारखा कापलेला केक. अमेरिकेत शाळेच्या, चर्चच्या कार्यक्रमांना असाच केक करतात. त्याला शीट केक म्हणतात. मी त्याला केकची वडी म्हणते.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली. सुट्टीमुळे नणंदा, भाचे, पुतणे सगळे बार्शीत जमणार होते. माणसं धरली पन्नास. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी असल्याने केक बिनअंड्याचाच हवा होता. मुलं म्हणाली, बाहेरून आणू. आई म्हणाल्या, "विकतचा कशाला? घरात हिला येतो ना!" झालं. माझ्याकडे ओव्हन आहे तो साधा, तीस लिटरच्या आसपासचा. त्यात अर्धा किलोचा गोल केक आरामात होतो. पण पन्नास माणसांचा?

इथे शाळेतलं गणित कामी येतं. आपल्या नेहमीच्या आठ इंची गोल भांड्याची त्रिज्या चार इंच. चार चोक सोळा, त्याला ३.१४ ने गुणलं की साधारण ५० चौरस इंच. आता ९ बाय १२ इंचाचा चौकोनी ट्रे घ्या. तो होतो १०८ चौरस इंच, म्हणजे गोल भांड्याच्या दुपटीहून जरासा जास्त. तेव्हा अर्ध्या किलोच्या केकचं जे प्रमाण तुमच्या हातात बसलंय, तेच दुप्पट करायचं. आणि असे दोन केक भाजून बारा इंचांच्या बाजूंनी एकमेकांना चिकटवले की तयार होतो १८ बाय १२ चा एकच मोठा केक! घरच्या छोट्या ओव्हनमधून हत्ती काढायचा तर तो असा दोन भागांतच निघणार.

ट्रे घ्यायच्या आधी ओव्हन आतून मोजा. दारावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. ट्रेच्या चारही बाजूंनी निदान बोटभर जागा मोकळी राहायला हवी, नाहीतर गरम हवा फिरत नाही आणि कडा करपतात. ट्रे अॅल्युमिनियमचा, दोन इंच उंचीचा घ्यावा. आमच्याकडे भांड्यांच्या दुकानात सांगून करून मिळतो. साधा जस्ताचा पत्रा वाकवून केलेला ट्रे मात्र खाण्यासाठी घेऊ नये.

आता प्रमाण सांगते, ते एका ट्रेचं आहे. मैदा ४०० ग्रॅम, ताजं दही ५०० ग्रॅम, पिठीसाखर ३५० ग्रॅम, वास नसलेलं तेल २४० मिलिलिटर, बेकिंग पावडर अडीच चमचे, खायचा सोडा एक चमचा, व्हॅनिला इसेन्स दोन चमचे. चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा, सपाट भरलेला. चहाचा शिगोशीग चमचा इथे चालणार नाही, सोडा जास्त झाला तर केकला साबणासारखी चव येते. दही आंबट किंवा पाणीदार नको.

दही आणि पिठीसाखर एकजीव होईपर्यंत फेटा. त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घालून चार मिनिटं तसंच ठेवा. दही बुडबुडे येऊन फुगतं. मग तेल आणि इसेन्स घाला, मैदा दोनदा चाळून तीन वेळा करून मिसळा. गुठळ्या मोडल्या की हात थांबवायचा. जास्त घोटलं की केक चिवट होतो. मिश्रण घट्ट वाटलं तर दोन-तीन मोठे चमचे दूध घाला. ट्रेला तेल लावून, तळाशी बटर पेपर घालून मिश्रण ओता. ते पाऊण इंचाच्या आसपास दिसेल, भाजल्यावर दीड इंचापर्यंत येतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही ट्रेचं मिश्रण एकदम करून ठेवायचं नाही. दही आणि सोडा एकत्र आले की त्यांचं काम लगेच सुरू होतं. पहिला ट्रे पाऊण तास ओव्हनमध्ये असताना दुसरं मिश्रण ओट्यावर वाट बघत राहिलं, तर त्यातली हवा निघून जाते आणि दुसरा केक पहिल्यापेक्षा बसका होतो. मग जोडताना एक ओटा उंच आणि एक खाली! म्हणून दुसऱ्या ट्रेचा मैदा चाळून एका डब्यात ठेवायचा, दही-साखर फेटून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि पहिला केक बाहेर आला की मगच सोडा घालायचा. फ्रिजमधलं दही मात्र पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढावं.

बेकिंग पावडरवरून आठवलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, ती त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. तिला अंडीही चालत नसत. त्यासाठी त्यांनी त्याआधीच बिनअंड्याचं कस्टर्ड करून दिलं होतं. बायकोच्या पथ्यासाठी नवऱ्याने एवढा खटाटोप केल्याची उदाहरणं तशी बोटावर मोजण्याइतकीच असतील!

मोठ्या केकचं एक दुखणं असतं. कडा आधी शिजतात आणि घट्ट होतात, मधला भाग मागून फुगत राहतो, त्यामुळे मधोमध टेंगूळ येतं. गोल केकला ते खपून जातं, वड्यांना नाही. यावर उपाय घरातच आहे. जुन्या सुती साडीची दोन इंच रुंदीची पट्टी फाडायची, ओली करून पिळायची, फॉइलमध्ये गुंडाळायची आणि ट्रेच्या चारही बाजूंना घट्ट बांधायची. कडा थंड राहतात, केक सारखा फुगतो. फक्त पट्टीचं टोक ओव्हनच्या गजांना लागणार नाही हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. ओव्हन १७० अंशांवर आधी दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्यायचा आणि केक चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं भाजायचा. मधोमध विणकामाची सुई घालून बघावी, कोरडी निघाली की झालं. तरीही थोडं टेंगूळ आलंच तर केक पूर्ण गार झाल्यावर जाड दोरा दोन्ही हातांत ताणून धरायचा आणि केकमधून सरळ ओढायचा. सुरीपेक्षा दोऱ्याने सपाट निघतो. निघालेला चुरा मुलं फस्त करतातच.

आता विजेचं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी वीज जाण्याचा भरवसा असतो, येण्याचा नसतो. ओव्हन दीड-दोन हजार वॅटचा, घरातल्या इन्व्हर्टरला तो ओढवत नाही. म्हणून मी आदल्या दिवशी पहाटे पाचला लागले. आठच्या आत दोन्ही ट्रे बाहेर! भाजताना मध्येच वीज गेली तर दार उघडायचं नाही, हे लक्षात ठेवा. अर्ध्याहून जास्त वेळ होऊन गेला असेल तर आतल्या उष्णतेवर केक तग धरतो, वीज आली की उरलेला वेळ पुरा करता येतो.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हिरमुसून जाऊ नये. दिवाळीत रवा, मैदा, साखर, तूप घेऊन नानकटाई भाजायला आपण बेकरीत जायचोच की! अजूनही अनेक गावांत ती सोय आहे. ओळखीच्या बेकरीवाल्याला आदल्या दिवशी विचारून ठेवावं. सकाळचे पाव निघाले की भट्टी जरा उतरते, ती वेळ केकला बरी. त्यांच्या भट्टीत दोन्ही ट्रे एकदम मावतात, म्हणजे मिश्रणाची ती वाट बघायची भानगडही राहत नाही. कोरडं आणि ओलं सामान वेगवेगळ्या डब्यांत न्यायचं आणि तिथेच ढवळायचं.

केक गार झाला की प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावा. ताज्या केकचा भुगा होतो, दुसऱ्या दिवशी तो सुरीला नीट ऐकतो. हा तेलातला केक असल्यामुळे फ्रिजमध्येही मऊ राहतो. लोण्यातला केक फ्रिजमध्ये दगड होतो.

क्रीमच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. उन्हाळ्यात बटर क्रीमच्या वाटेला जाऊ नये. चवीला ते छान लागतं, नाही असं नाही. पण लोणी पस्तीस अंशांच्या आतच वितळतं आणि आमच्या बार्शीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्यापेक्षा नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम जरा जास्त वेळ उभं राहतं. ते वनस्पती तेलापासूनच केलेलं असतं आणि मुळातच गोड असतं, वेगळी साखर लागत नाही. गोठवलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली ठेवायचं. सकाळी अर्धवट विरघळलेलं, बर्फाच्या गोळ्यासारखं कचकचीत असतानाच फेटायला घ्यायचं. खालच्या मोठ्या पातेल्यात बर्फ, त्यात क्रीमचं पातेलं. आधी बीटर हळू, मग जोरात. बीटर उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहिलं की लगेच थांबायचं, त्यापुढे ते रवाळ होतं. १८ बाय १२ च्या केकला वरून आणि बाजूंनी पाव इंच थर द्यायला आणि वर थोडी नक्षी काढायला सहाशे-सातशे ग्रॅम पातळ क्रीम पुरतं, कारण फेटल्यावर ते तिपटीच्या आसपास होतं. मी किलोभर आणलं होतं. उरलेलं आंब्याच्या फोडींवर गेलं.

आता खरी अडचण! १८ बाय १२ चा केक ठेवायचा कुठे? आपल्या एका दाराच्या फ्रिजमध्ये तो मावत नाही. त्यावर युक्ती अशी की शेवटपर्यंत त्याला दोनच ठेवायचं. फॉइल लावलेल्या दोन पुठ्ठ्यांवर दोन केक. प्रत्येकावर साखरेचं पाणी शिंपडायचं. एक वाटी पाण्यात अर्धी वाटी साखर विरघळवून गार केलेलं पुरतं. मग क्रीमचा अगदी पातळ हात फिरवायचा, भिंतीला चुन्याचा पहिला हात देतात तसा. त्यात सगळा भुगा चिकटून बसतो आणि वरचा थर पांढराशुभ्र राहतो. फ्रिजमधल्या दोन कप्प्यांवर दोघांना ठेवायचं. कार्यक्रमाच्या दीड तास आधी बाहेर काढून मोठ्या पाटावर शेजारी सरकवायचे, सांध्यात क्रीम भरायचं आणि वरून एकच सलग थर द्यायचा. पाट म्हणून मी पुतण्याचा इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा बोर्ड घेतला, त्याला फॉइल लावलं. तो बोर्ड गच्चीवर न्यायला दोन माणसं लागली.

सांधा क्रीमखाली दिसत नाही, पण कापल्यावर एखाद्या तुकड्याच्या मधोमध येऊन तो तुकडा फाकू शकतो. म्हणून कापायचा हिशोब आधीच करावा. अठरा इंचांचे नऊ भाग केले तर सांधा पाचव्या तुकड्याच्या पोटात येतो. दहा भाग केले तर सांधा बरोबर कापायच्या रेषेवर पडतो. बारा इंचांचे सहा भाग. दहा सक साठ! पन्नास पाहुणे आणि दहा तुकडे वर, म्हणजे शेजारी द्यायलाही झाले.

इथपर्यंत सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे झालं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी प्रश्न निघाला, केकवर लिहायचं काय? एवढी मोठी पाटी समोर कोरी पडलेली. मुलं म्हणाली, 'हॅपी बर्थडे आजी'. नणंद म्हणाली, 'आई, शतायुषी व्हा'. जाऊबाई म्हणाल्या, नाव लिहा, पंचाहत्तरी आहे, नाव हवंच. आईंचं सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक. रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर, दारावरच्या पाटीवर, सगळीकडे तेच.

आई काही बोलल्या नाहीत. सगळे जेवून गच्चीवर गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. मी केकच्या कडा सरळ करत होते. त्या पाटावर बसल्या, निघालेला चुरा हातात घेतला आणि म्हणाल्या, "एवढी जागा आहे, तर माझं नाव लिहितेस का? आधीचं?"

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहितात. ज्या मुलीचं नाव बदललं, तिने जन्मापासून ऐकलेलं नाव त्या दिवसापासून मागे पडायचं. आईंचं लग्न १९६७ सालचं, वय अठरा. "नाव बदलायचं का असं विचारायची पद्धत नव्हती गं," त्या म्हणाल्या. "ताटात काय लिहिलंय ते वाचलं तेव्हा कळलं." यात त्यांची तक्रार होती असं मला वाटलं नाही. नवीन नाव त्यांनी सत्तावन्न वर्षं वापरलं, त्या नावाने सह्या केल्या, मुलांच्या शाळेत गेल्या. पण पहिलं नाव घेणारी माणसं एकेक करून कमी होत गेली. आई-वडील गेले, मैत्रिणी पांगल्या. धाकटे मामा त्यांना ताई म्हणतात. म्हणजे ते नाव मोठ्याने उच्चारणारं आता घरात, बाहेर, कुणी उरलेलंच नव्हतं. मला ते नाव सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं. (ते इथे लिहीत नाही. "पेपरात छापू नकोस बाई," असं त्यांनीच बजावलंय. चार अक्षरांचं आहे आणि त्यात एक जोडाक्षर आहे, एवढंच सांगते.)

जाऊबाईंना सांगितलं तर त्या जरा बिचकल्या. "अगं, अण्णांना काय वाटेल? ते नाव त्यांनी ठेवलेलं. निदान विचारून तरी घेऊ." त्यांचंही चूक नव्हतं. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे, घरातली सगळी वडीलधारी मंडळी समोर बसणार, आणि केकवर भलतंच नाव! मी परत आईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? माझंच आहे ते."

मग काय, लिहायचं ठरलं. बेकरीत बहुतेक वेळा इंग्रजीत लिहून मिळतं, त्याचं एक कारण म्हणजे क्रीमने देवनागरी लिहिणं अवघड. काना, मात्रा, वेलांटी, वर शिरोरेघ. एकसारखी जाडी हवी. मी आधी स्टीलच्या ताटावर आठ-दहा वेळा लिहून पाहिलं, पुसलं. तुम्हीही तसंच करा. दुधाची पिशवी धुऊन कोरडी करून तिचा कोन करायचा, टोक अगदी बारीक कापायचं. क्रीममध्ये रंगाऐवजी चाळलेला कोको घालावा. लाल-निळा रंग उन्हाळ्यात पांढऱ्या क्रीमवर पसरतो, कोको जागच्या जागी राहतो. आधी पट्टी लावून टूथपिकने दोन बारीक रेघा ओढून घ्याव्या, त्यांच्यामध्ये टूथपिकनेच अक्षरं कोरावी आणि मग त्यावरून क्रीम सोडावं. काना-वेलांट्या झाल्या की शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात, हात न थांबवता. तिने अक्षरांची वरची सगळी टोकं झाकली जातात. जोडाक्षर जरा पसरटच लिहावं, क्रीम बसलं की ते गिचमिड होतं. मी नाव लिहिलं, खाली फक्त ७५ चा आकडा काढला. बाकी फुलं-पानं काही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला गच्चीवर सगळे जमले. केक आधीपासून मांडून ठेवू नये, हे उन्हाळ्यातलं पथ्य. भाषणं, फोटो, मानपान यात तास जातो आणि क्रीम घाम सोडायला लागतं. आम्ही आधी औक्षण उरकलं. कणकेचे पंचाहत्तर दिवे केले होते, सुनांनी आणि लेकींनी मिळून ओवाळलं. मेणबत्त्या लावल्याच नाहीत. वाढदिवसाला दिवा विझवायचा नाही, हा आईंचा नियम नातवंडांनाही पाठ आहे. मग दोघा पुतण्यांनी तो बोर्ड वर आणला.

लहान पुतणी वाचायला लागली. नाव वाचलं आणि म्हणाली, "हे कुणाचं नाव?" गच्चीवर जरा शांतता झाली. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "जोडाक्षर बरोबर काढलंयस." मग पुतणीकडे वळून म्हणाले, "हिच्या शाळेच्या दाखल्यावर हेच नाव आहे." दाखला कुठल्या पेटीत आहे तेही त्यांना ठाऊक होतं, हे आईंना त्या दिवशी कळलं. पंढरपूरहून आलेले मामा मात्र खुर्चीत बसूनच राहिले. थोड्या वेळाने त्यांनी आईंना त्या नावाने हाक मारून पाहिली, आणि दोघं हसायला लागले.

कापताना आईंनी मधोमध सुरी घातली नाही. "नावावर सुरी नको," म्हणाल्या आणि कोपऱ्यातून कापलं. मला बरंच झालं, कारण वड्या कापायच्या तर कोपऱ्यातूनच सुरुवात करावी लागते. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, एक काप घ्यायचा, परत बुडवायची, परत पुसायची. कंटाळा केला तर क्रीम सुरीबरोबर ओढलं जातं. पट्टीने कडेला आधीच खुणा केल्या होत्या. एक कापायला, एक बशीत ठेवायला, दोन मुलं वाटायला, असं केलं की पंधरा-वीस मिनिटांत पन्नास बश्या जातात. नावाची पट्टी, पाच तुकड्यांएवढी, तेवढी डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ती मी, जाऊबाई आणि आईंनी संपवली. अक्षरांसकट!

त्यानंतर महिनाभरात तिघी-चौघींनी विचारलं, "आमच्याकडे आहे कार्यक्रम, करून देशील का? सामानाचे पैसे देऊ." या 'सामानाचे पैसे' प्रकरणावर मला जरा बोलायचंय. सामानाचा हिशोब सोपा असतो. मैदा, दही, तेल, साखर, क्रीम, बोर्ड, फॉइल. वीज म्हणाल तर दीड हजार वॅटचा ओव्हन दोन तास चालला तरी तीन युनिटच्या वर जात नाही. पण पहाटे पाचला उठणं, दोन ट्रे भाजणं, गार करणं, क्रीम लावणं, लिहिणं, भांडी घासणं हे सगळं मी घड्याळ लावून मोजलं, तर दोन दिवसांत मिळून नऊ तास भरले. शिवणकामाला बाई तासाचे किंवा नगाचे पैसे घेते, ते कुणाला वावगं वाटत नाही. केक मात्र 'घरचाच तर आहे'! मी आता सामानाएवढेच पैसे मजुरीचे धरते आणि आधीच सांगते. एकीने तोंड वाकडं केलं, दोघींनी हसत दिले. आणि नियमित विकायचा विचार असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, घरून धंदा करणाऱ्यांनाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

लिहायचं काय, हे मात्र मी आता आधी विचारते. मागच्या ऑर्डरला एका आजींच्या सुनेने केकवर 'आई' लिहायला सांगितलं होतं. मी म्हटलं, जागा भरपूर आहे, त्यांना एकदा विचारून तर बघा. त्यांनी विचारलं. आजींनी त्यांचं लग्नानंतरचंच नाव सांगितलं, तेच त्यांना आवडतं म्हणाल्या. वर आडनावही लिही म्हणाल्या, ते सात अक्षरी निघालं, त्यामुळे अक्षरं एक इंचाचीच काढावी लागली.

ट्रे सध्या जाऊबाईंच्या बहिणीकडे कुर्डुवाडीला गेलेत. तिथल्या ओव्हनमध्ये मावतात की नाही, ते मोजून पाठवा म्हटलं होतं.